वडिलांची चित्रं संग्रहालयाला द्यायची आहेत, वाट दाखवा

ओसरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा चित्रकला शिक्षक. नाशिकच्या एका शाळेत ३१ वर्षं शिकवलं. नोकरीत असताना आणि नंतरही रविवारचा नेम कधी चुकला नाही. पहाटे खांद्याला झोळी, हातात घडीचं स्टूल, आणि गंगेवर. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) नारोशंकराचं देऊळ, सुंदरनारायणाच्या पायऱ्या, बुधवारचा बाजार, भांडी बाजार, तांबट लेनमधली ठोक्यांची दुकानं. जे दिसलं ते जलरंगात. विकलं एकही नाही. कुणी मागितलं तर देऊन टाकायचे.

बाबा गेल्या वर्षी गेले. वाडा आता पाडायला द्यायचाय, करार झालाय. माडीवर चढून आम्ही मोजदाद केली. १६४ जलरंग, ४३ स्केचबुकं, मित्रचित्रकारांनी त्यांना दिलेली ३१ चित्रं, आणि आजोबांच्या देवघरातली काचेवर रंगवलेली सात चित्रं.

आम्ही तिघी बहिणी. मी नाशकात, एक जळगावला, एक पुण्याला. तिघींच्या फ्लॅटमध्ये मिळून दहाबारा चित्रं लागतील. आई विकायला तयार नाही. ती म्हणते, ती चार लोकांना बघायला मिळाली पाहिजेत. दोन संग्रहालयांना फोन केले. एक म्हणाले, "जागा नाही." दुसरे म्हणाले, "पाठवून द्या, बघू." हे ‘बघू’ म्हणजे काय? संग्रहालय वस्तू घेतं कसं, कोण ठरवतं, आम्ही काय तयारी करायची? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

मेनरोडकर

ताई, पाठवू नका. आमचं सांगतो.

१९९० च्या आसपासची गोष्ट. आजोबांच्या पोथ्या होत्या, रुमालात बांधलेल्या, त्यातल्या दोन सचित्र. वडिलांनी मोठ्या श्रद्धेने एका संस्थेला दिल्या. टेम्पो आला, गठ्ठे भरले, पुढच्या महिन्यात कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिलं. पावती कुणी दिली नाही, आम्हीही मागितली नाही. मागणं वाईट दिसेल असं वडिलांना वाटलं.

बारा वर्षांनी चुलतभावाला त्यातली एक पोथी अभ्यासासाठी बघायची होती. उत्तर मिळालं, त्या काळातल्या नोंदी सापडत नाहीत. आम्ही तीन वेळा गेलो. पोथ्या चोरीला गेल्या असं मी म्हणत नाही. कदाचित तिथेच कुठल्या कपाटात असतील. पण कुणाच्या, कुठून आल्या हे सांगणारा कागदच नाही, तर त्या असून नसल्यासारख्याच. संस्थेचं नाव लिहीत नाही, तेव्हाची माणसंही आता नाहीत. वडील शेवटपर्यंत तो विषय काढत नसत.

रंगपेटी

वाचून वाईट वाटलं, मेनरोडकर.

ओसरी, मी स्वतः चित्रं काढते म्हणून एक वेगळं मत मांडते. विकणं म्हणजे पाप नव्हे. ज्याने पैसे मोजून चित्र घेतलं तो ते भिंतीवर लावतो, पुसतो, पाहुण्यांना दाखवतो. फुकट आलेली वस्तू कपाटात जाते. काही चित्रं विकून त्या पैशात बाकीच्यांचं पुस्तक का काढू नये?

निवृत्त_नोंदणीकार

ओसरीताई, मी मुंबईत एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात २७ वर्षं होतो. बाहेरची वस्तू आत यायची ती माझ्या टेबलावरून. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपल्याकडची नावाजलेली संग्रहालयं मोठ्या प्रमाणात लोकांनी दिलेल्या वस्तूंवर उभी आहेत. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथला मोठा ऐवज सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांच्या संग्रहातून आला, त्यातला दोराबजींचा १९३३ मध्ये. पुण्याचं केळकर संग्रहालय तर एकट्या माणसाचं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या हवाली केला. अडकित्ते, दिवे, दारं, वाद्यं मिळून २० हजारांच्या वर वस्तू. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संग्रहासाठी १९३८ मध्ये टेकडीवर इमारतच उभी केली. विकत घ्यायला संग्रहालयाकडे पैसा कधीच पुरेसा नसतो. त्यामुळे संग्रह वाढतो तो मुख्यतः अशा देण्यांनी, मृत्युपत्रांनी, आणि अधूनमधून खरेदीने.

पण घरच्यांनी दिलं म्हणजे संग्रहालयाने घेतलं असं होत नाही. जबाबदार संग्रहालयाचं लेखी धोरण असतं: आम्ही काय गोळा करतो आणि काय नाही. तुमचं पत्र गेलं की अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारा क्युरेटर, आधी ते धोरण बघतो. चित्र आमच्या विषयात बसतं का? असंच आमच्याकडे आधीच आहे का? अवस्था कशी आहे, आणि ती तशीच टिकवायला आमच्याकडे माणूस आणि जागा आहे का? देणारा खरोखर मालक आहे का? मग विषय संग्रह समितीपुढे जातो. समिती वर्षातून दोनतीनदाच बसते, म्हणून उत्तराला महिने लागतात. त्याचा राग मानू नका.

चित्रं समितीने बघायला मागितली तर ती जाताना तात्पुरती पावती घ्यायचीच. त्यात संख्या, मापं आणि ‘केवळ पाहणीसाठी’ हे शब्द हवेत. सोबत स्थितीअहवाल: कुठे डाग, कुठे फाटलंय, कुठे कसर लागलीय. समितीने होकार दिला की दानपत्र आणि संग्रहालयाचं स्वीकारपत्र, दोन्ही. त्यानंतर वस्तू दाखल नोंदवहीत चढते आणि तिला क्रमांक मिळतो. समजा २०२५.७.१२. म्हणजे २०२५ साल, त्या वर्षीचं सातवं दान, त्यातली बारावी वस्तू. पुढे लेबल पडलं, कपाट बदललं, आम्ही सगळे निवृत्त झालो, तरी त्या आकड्यावरून देणाऱ्यापर्यंत पोचता येतं. आमच्याकडे त्या वहीची पानं आधी क्रमांक घालून बांधून घेत, नोंद पक्क्या शाईने करत, आणि वहीची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवत. मेनरोडकरांच्या पोथ्यांना नेमका हा आकडा मिळाला नाही. वाचताना मला फार लागलं ते.

"जागा नाही" म्हणणाऱ्या संग्रहालयाबद्दल मला आदर आहे. त्यांनी खरं सांगितलं. सगळं घेणारं संग्रहालय काही वर्षांत गोदाम होतं, आणि तिथे चांगली चित्रंही वाईटांबरोबर कुजतात. माझ्या काळात आलेल्या प्रस्तावांना आम्ही होकारापेक्षा नकार जास्त दिले. प्रत्येक नकाराचं पत्र मी स्वतः लिहीत असे, आणि जमेल तिथे दुसऱ्या योग्य संस्थेचा पत्ता देत असे.

तयारीचं म्हणाल तर प्रत्येक चित्राचा पुढून आणि मागून फोटो. मागची बाजू फार महत्त्वाची, चित्रकार तिथे तारीख, जागा, कागदाचा भाव, काहीही लिहून ठेवतात. माप सेंटीमीटरमध्ये, माध्यम, सही आहे की नाही. आणि आईसाहेबांना शेजारी बसवून प्रत्येक चित्राची गोष्ट लिहून घ्या. हे आज करा, यादी नंतर झाली तरी चालेल. कागद आणखी पन्नास वर्षं टिकेल, ती गोष्ट आत्ता फक्त त्यांच्याकडे आहे.

ओसरी

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ‘नकाराचं पत्र’ ऐकून ती म्हणाली, यांच्याकडेच द्यायला हवी होती. उद्यापासून वही करतो.

कसरनाशक

एक तातडीचं. वाडा पाडायच्या गडबडीत लोक चित्रांचं वाटोळं करतात ते असं: फाटलेल्या जागी सेलोटेप लावतात, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. ‘टिकावं’ म्हणून लॅमिनेशन करतात, ते पुन्हा सुटत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळतात, त्याचं आम्ल चित्रात उतरतं. डांबराच्या गोळ्या थेट कागदावर ठेवतात.

चित्रं आडवी, सपाट ठेवा. दोहोंच्या मध्ये आम्लविरहित कागद. तो मिळेपर्यंत धुतलेलं, खळ नसलेलं मलमलचं कापडही चालेल. माडी पावसाळ्यात गळत असेल तर आजच हलवा. बुरशी दिसली तर घरात झटकू नका, ते चित्र वेगळं काढून कागदाच्या जाणकाराला दाखवा. जलरंगाला ऊन म्हणजे विषच. संग्रहालयात अशी चित्रं साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात लावतात आणि काही महिन्यांनी उतरवून अंधारात विश्रांती देतात. म्हणून ‘आमची चित्रं कायम भिंतीवर लावा’ ही अट घालू नका. तुमच्याच बाबांचे रंग उडतील.

शिलालेख_वेडा

हा धागा नाशिकचा आहे आणि अजून कुणी पांडवलेण्याचं नाव काढलं नाही! दान कसं करावं याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा नमुना आपल्या डोक्यावर, त्रिरश्मी डोंगरात कोरलेला आहे.

दहा नंबरच्या लेण्याची ओसरी. नहपान क्षत्रप या राजाचा जावई उषवदात याचा लेख, वर्ष ४२, वैशाख महिना. तो म्हणतो, हे लेणं मी चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं. आणि इथे थांबत नाही. लेण्याबरोबर ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ‘अक्षयनीवी’ देतो. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पैसे ठेवले कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे. (गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडच्या पुढचं आपलं गोवर्धन गाव, असं मानतात.) २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने.

आता हिशेब करून बघा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाच्या चीवराला (वस्त्राला) १२. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणंही इकडे तिकडे नाही. आपण गेल्यावर लेण्यातल्या माणसांना वस्त्र कुठून मिळणार, याचा विचार त्याने देतानाच केला होता. शेवटी लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे नोंदणीकार काकांची दाखल नोंदवही तेव्हाही होती.

त्याच्या बायकोने, दक्षमित्रेने, तिथली एक कोठडी दिली, तिचाही वेगळा लेख आहे. आणि १८ नंबरच्या चैत्यगृहाच्या दारावर ‘नासिककांच्या धंभिक गावाचं दान’ असं कोरलंय. राजाचा जावई एकीकडे, एक अख्खं गाव दुसरीकडे, आणि कोरीव अक्षर दोघांनाही सारखंच.

माझं म्हणणं एवढंच: चित्रं द्याल तेव्हा त्यांच्या सांभाळासाठी थोडे पैसे वेगळे द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. निदान चित्रं ठेवायच्या पेट्यांचा खर्च.

मेनरोडकर

शिलालेख_वेडा, आयुष्य नाशकात गेलं, लेणी पन्नास वेळा चढलो, पण हा हिशेब आज कळला. रविवारी मुलाला घेऊन जातो.

हिशेबनीस

पैशांचा विषय निघालाच आहे तर करसवलतीबद्दल सांगतो, कारण यात बऱ्याच जणांची फसगत होते.

अमेरिकेत संग्रहालयाला चित्र दिलं तर नियमांच्या चौकटीत त्याच्या बाजारभावावर कर वाचतो. तिथली संग्रहालयं दानांनी भरण्यामागे हे एक मोठं कारण आहे. आपल्याकडे ज्याला सगळे ८०जी म्हणून ओळखतात ती सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तूला नाही. चित्र दोन लाखांचं असो की वीस लाखांचं, देणाऱ्याचा कर रुपयाने कमी होत नाही. पैसे देतानाही २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सवलत जाते, चेक किंवा ऑनलाइनच द्या. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मुळात नाहीच.

मला हा नियम बदलावासा वाटतो. घरोघरी पडून असलेली चित्रं बाहेर यायची असतील तर देणाऱ्याला काही आधार हवा. फ्रान्समध्ये १९६८ पासून वारसाकर चित्रांच्या रूपात भरता येतो. पॅरिसचं पिकासो संग्रहालय उभं राहिलं ते त्याच्या वारसांनी असा कर चित्रांतून चुकता केला म्हणून. आपल्याकडे आज देणारा निव्वळ मनाने देतो.

कायदेकानू

ओसरी, बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर चित्रांवर आई आणि तुम्ही तिघी, चौघींचा सारखा हक्क आहे (आजी हयात असतील तर त्यांचाही). तुम्ही एकट्यांनी सही करून दिलेलं दान उद्या कुणीही अडवू शकेल. चौघींच्या सह्या घ्या. जळगावच्या ताईंना फोनवर ‘हो’ म्हणायला लावू नका, यादी पाठवा, त्यांना हवं ते चित्र आधी बाजूला काढू द्या.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दानाला दोन गोष्टी लागतात: देणाऱ्याने आपखुशीने, मोबदला न घेता देणं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारणं. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच व्हायला हवा. नुसतं तुमचं पत्र म्हणजे दान नव्हे, काकांनी सांगितलेलं स्वीकारपत्र म्हणूनच महत्त्वाचं. चित्रासारख्या जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होतं, पण लेखी करा, दोन साक्षीदारांसह. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट घातलीत तर त्या मर्यादेत ते दानच रद्दबातल ठरतं. परत हवं असेल तर दान न करता ठरावीक वर्षांच्या कराराने उसनं द्या. मुंबईत जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह संग्रहालयात आहे तो असाच कराराने.

काचचित्रांबद्दल: १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याकडे गेली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वय आधी तपासून घ्या.

रंगपेटी

कायदेकानू, एक जोडते. चित्र दिलं म्हणजे त्याचा कॉपीराइट दिला असं होत नाही. बाबांच्या चित्रांचा हक्क त्यांच्यानंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. संग्रहालयाला पोस्टकार्ड किंवा कॅटलॉग छापायचा असेल तर लेखी परवानगी लागेल. ती दानपत्रातच देऊन टाका, म्हणजे पुढच्या पिढीला शोधत फिरावं लागणार नाही. मात्र मित्रांच्या ३१ चित्रांचा हक्क त्या त्या चित्रकाराच्या घरी आहे. ती चित्रं देण्यापूर्वी त्यांना कळवणं हा साधा शिष्टाचारही आहे.

चित्रकाराचा आणखी एक हक्क असतो, कामाची विटंबना न होऊ देण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं मोठं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले. ते कोर्टात लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, शिवाय ५ लाख रुपये भरपाई. घेणाऱ्याने घेतलं म्हणजे त्याला वाटेल ते करता येत नाही.

विकण्याबद्दलचं मत मी थोडं बदललंय. काकांनी सांगितलेली गोष्टींची वही खाजगी भिंतीवर टिकत नाही, हे मान्य.

क्लाइडकाठ

मूळ नाशिकरोडचा, सध्या ग्लासगोत. अटींवरून आठवलं. इथे विल्यम बरेल नावाच्या जहाजमालकाने आणि त्यांच्या पत्नीने १९४४ मध्ये हजारो वस्तूंचा संग्रह शहराला दिला. अट अशी की तो शहराच्या धुरकट हवेपासून लांब ठेवायचा. हेतू किती चांगला! कोळशाच्या काजळीने गालिचे आणि चित्रं काळी पडत. पण तशी जागा मिळून इमारत उभी राहायला १९८३ उजाडलं. ३९ वर्षं. दुसरी अट, परदेशी उसनं द्यायचं नाही. ती सैल करायला २०१४ मध्ये इथल्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

याच्या उलट एक जोडपं मला फार आवडतं. न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगल. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं. एका बेडरूमच्या घरात चित्रंच चित्रं. १९९२ मध्ये त्यांनी संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाला द्यायचं ठरवलं, कारण तिथे प्रवेश मोफत आणि ते दालन संग्रहातलं काही विकत नाही. संग्रह इतका मोठा निघाला की एकट्या दालनाला तो झेपणारा नव्हता. मग २००८ मध्ये ५० राज्यांतल्या ५० संस्थांना प्रत्येकी ५० कामं वाटली. ओसरी, तुमच्याकडे १६४ आहेत. सगळी एकाच ठिकाणी गेलीच पाहिजेत असं नाही.

शिलालेख_वेडा

इथे मात्र मी सहमत नाही. स्केचबुकं वाटू नका.

जोगलटेंभी आपल्या सिन्नर तालुक्यातलं. १९०६ मध्ये तिथे नहपानाची १३ हजारांच्या वर चांदीची नाणी एका ठेव्यात सापडली. ती एकत्र मोजली तेव्हा कळलं की त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलाय. एका राज्याचं दुसऱ्याच्या हाती जाणं त्या आकड्यातून दिसतं. पन्नास नाणी इथे, पन्नास तिथे अशी मिळाली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ४३ स्केचबुकं ओळीने लावली की एक घाट कसा बदलत गेला ते दिसेल. वेगळी केली तर ती नुसती जुनी रेखाटनं.

आणि शक्य तर नाशिकमध्येच ठेवा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, सरकारवाडा आहे, अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. गावाची चित्रं गावात.

निवृत्त_नोंदणीकार

स्केचबुकांबद्दल पूर्ण सहमत. गावाबद्दल एक पुस्ती जोडतो. गाव बघा, पण त्याआधी कपाट बघा. ज्या संस्थेला द्याल तिथे पावसाळ्यात एकदा जा. ‘दाखवा ना, चित्रं ठेवता कुठे’ असं विचारा. भिंतीला ओल आहे का, वास कसा येतो, चित्रं जमिनीपासून किती उंचीवर आहेत. नाशकात तर हे विचारायलाच हवं, २००८ चा पूर आठवत असेल. जे मोकळेपणाने दाखवतील आणि नोंदवही उघडून दाखवतील त्यांना द्या. मग ते रविवार कारंजाला असोत नाही तर मुंबईत.

ओसरी

मंडळी, सात महिन्यांनी येतेय. तुम्ही एवढं लिहिलंत, त्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं.

वही झाली. सव्वादोनशे पानं. आई रोज दुपारी चहानंतर बसायची, मी चित्र समोर धरायचे. तिला सगळं आठवत होतं. हे चित्र तुझ्या जन्माच्या आदल्या रविवारचं. हे २००८ चा पूर ओसरल्यावरचं, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी गाळ आहे बघ. याच्यात रंग कमी आहेत कारण त्या महिन्यात पगार उशिरा झाला होता. एका चित्रातल्या पायऱ्यांवर निळ्या लुगड्यातली बाई पाठमोरी बसलीय. मी विचारलं, ही कोण? आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, लिही, मी.

तीन संस्थांना यादी पाठवली. एकीचा नकार आला, पण सविस्तर पत्राने, आणि त्यांनीच तिसरीचं नाव सुचवलं होतं. पावसाळ्यात जाऊन कपाटं बघितली, आईला घेऊन. त्या तिसऱ्या संस्थेच्या समितीने ३८ जलरंग, सगळी ४३ स्केचबुकं आणि मित्रांच्या चित्रांपैकी सहा घ्यायचं ठरवलं. आईची वहीही मागितली. तिचीही नोंद होणार आहे, वेगळा क्रमांक देऊन. सहाही घरांना पत्रं लिहिली, सगळ्यांची आनंदाने परवानगी आली. दानपत्रावर चौघींच्या सह्या झाल्या. जळगावच्या ताईने रामकुंडाचं एक चित्र ठेवून घेतलं, निळ्या लुगड्याचं आईकडेच राहिलं. पुण्याच्या ताईने पेट्यांचा आणि आम्लविरहित कागदाचा खर्च उचलला. शिलालेख_वेडा, तो हिशेब तिला मी पाठवला होता. काचचित्रं घरीच आहेत, देवघरात.

चित्रं नेऊन दिली त्या दिवशी तिथल्या ताईंनी पहिल्या चित्राच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने क्रमांक घातला. आईने विचारलं, हे पुसलं नाही का जाणार? त्या म्हणाल्या, पुसता यावं म्हणूनच पेन्सिल, काकू. चित्राला आम्ही असं काहीच करत नाही जे परत काढता येणार नाही. घरी येताना आई गाडीत एवढंच म्हणाली, चांगल्या हातात गेली.

आता १२४ जलरंग उरलेत. बहुतेक गल्ल्यांचे आणि वाड्यांचे. त्यातले कितीतरी वाडे आता नाहीत. मेनरोडकर आणि रंगपेटीशी बोलून ठरवलंय की ज्याच्या घराचं चित्र असेल त्याने ते घेऊन जावं. पैसे नाहीत. सगळ्यांचे फोटो आणि नोंदी आमच्याकडे आहेत, फक्त कुठलं चित्र कुणाकडे गेलं ते वहीत लिहून सही करायची, आणि वहीची प्रत त्या संग्रहालयाला देणार आहोत. येत्या तीन रविवारी सकाळी दहा ते एक. पत्ता निरोपातून कळवते. गल्ल्या अशा: सराफ बाजार, भांडी बाजार, बोहरपट्टी, कानडे मारुती लेन, तांबट लेन, पंचवटीतला काळाराम मंदिराचा मागचा भाग.

अनामिक_वाचक

या संस्थळावर पहिल्यांदाच लिहितोय, लिहिण्यासाठीच आत्ता सभासद झालो. तांबट लेनमधल्या चित्रांत कुठे हिरवं दार आहे का? दाराशेजारी दगडी ओटा, वर लाकडी गज. १९९७ मध्ये पाडलं ते. आमच्याकडे त्या घराचा एकही फोटो नाही.

ओसरी

आहे. दोन आहेत. एकात ओट्यावर एक आजोबा घंगाळ घासत बसलेत. रविवारी या.